नकाशामागचा माणूस

शाळेतल्या नकाशाला मुले भितात. छडीच्या टोकाने नद्या दाखवता दाखवता माझी वीस वर्षे गेली. पण नकाशा पाहून वर्ग खदखदून हसला, असे एकदाच घडले. त्या दिवशी मी एका पुस्तकातला लंडन शहराचा १९१४ सालचा ‘वंडरग्राउंड’ नकाशा मुलांपुढे धरला होता.

भुयारी रेल्वेच्या स्थानकांवर लावण्यासाठी तो फ्रँक पिक या रेल्वेच्या अधिकाऱ्याने काढवून घेतला. क्षितिज कमानीसारखे वाकलेले, खाली रंगीत रस्ते, आणि त्यांतून बाहुल्यांएवढी माणसे काहीबाही बोलताहेत. प्राणिसंग्रहालयात एक अजस्र पक्षी गजांतून पोराला गिळतो आहे. पोराला काळजी कसली, तर चहाच्या वेळी घरी येतो असे आईला सांगितले होते त्याची! हॅरो रस्त्यावर शेतकरी जमीन कसतो आहे, कारण त्या शब्दाचा एक अर्थ कुळव. हा श्लेष मराठीत येत नाही. पण पुण्याच्या भिकारदास मारुतीपुढे कुणी कटोरा घेतलेला शेठजी काढला, तर जी गंमत वाटेल, तीच ही. अंतरे मोजायला हा नकाशा कामाचा नाही. शहराशी ओळख करून द्यायला मात्र याच्यासारखा सोयरा नाही.

मग मुलांनीच विचारले, “गुरुजी, हा काढला कुणी?”

त्या माणसाचे नाव मॅक्डोनाल्ड गिल (१८८४–१९४७). थोरला भाऊ एरिक शिल्पकार म्हणून गाजला. धाकटा त्याच्या सावलीत राहिला. २०११ साली ब्रायटन विद्यापीठात त्याच्या कामाचे प्रदर्शन भरले आणि २०२० साली त्याच्या भावंडाची नात कॅरोलाइन वॉकर हिने त्याचे चरित्र प्रसिद्ध केले. घरच्या माणसाने माग काढला, म्हणून माणूस हाती लागला.

त्याचे सारेच मला रुचते असे नाही. १९२७ साली त्याने ‘हायवेज ऑफ एम्पायर’ हा जगाचा नकाशा काढला. साम्राज्याचाच माल घ्या, हा त्याचा संदेश. लंडनमध्ये जो हात माणसांच्या फजितीवर मायेने हसला, त्याच हाताने इथे पृथ्वीची दुकानावरची पाटी केली. हुकमतीखाली राहिलेल्या देशाच्या वाचकाला ती सजावट गोड कशी लागावी?

पण याच हाताचे आणखी एक काम आहे. पहिल्या महायुद्धात मेलेल्या ब्रिटिश साम्राज्याच्या सैनिकांच्या समाधिशिळांसाठी अक्षरांचा नमुना गिलनेच तयार केला. आपल्या खडकीची युद्धसमाधिभूमी सांभाळतो तो आयोग हाच. महायुद्ध पेटले तेही १९१४ सालीच. त्या वर्षी स्थानकावर नकाशा पाहून हसलेले किती तरुण पुढे त्या अक्षरांखाली निजले असतील! नकाशावर सही करता येते. समाधीवर कुणी करीत नाही.

वाचकहो, दिवाळीच्या आवराआवरीत माळ्यावरच्या ट्रंकेत एखाद्या क्षेत्राचा, गावाचा चित्रनकाशा सापडला, तर कोपऱ्यात नाव आहे का पाहा. नसेल, तर घरातल्या वडीलधाऱ्यांना विचारा. सांगणारे आहेत, तोवरच ते कळेल.