न विचारण्याची किंमत

७ एप्रिल २०१७. त्या दिवशी जागतिक आरोग्य दिन होता आणि त्या वर्षीचा विषय होता नैराश्य. घोषवाक्य होतं, ‘चला, बोलूया’. त्याच दिवशी मानसिक आरोग्य सेवा कायद्याला राष्ट्रपतींची मंजुरी मिळाली आणि त्याच दिवशी सुमित्रा भावे-सुनील सुकथनकर यांच्या ‘कासव’ला सुवर्णकमळ जाहीर झालं. गंमत म्हणजे सगळं जग ‘बोला’ म्हणत असताना हा सिनेमा म्हणतो, ‘विचारू नका’.

‘कासव’ मी पहिल्यांदा बघितला तो इंजिनिअरिंगला असताना. आवडला, संथ वाटला, विसरलो. दुसऱ्यांदा बघितला तेव्हा बायपोलरचं निदान होऊन दीड वर्ष झालं होतं. सिनेमा तोच होता, पण या खेपेला मी वेगळ्याच जागी बसून बघत होतो.

गोष्ट साधी आहे. मानव (आलोक राजवाडे) जीव द्यायच्या प्रयत्नातून वाचलाय. आजारी अवस्थेत तो जानकीला (इरावती हर्षे) सापडतो आणि ती त्याला देवगडला आपल्या घरी नेते. तू कोण, कुठला, असं का केलंस, यातलं काहीही विचारत नाही. खायला देते, झोपू देते, चिडला तर चिडू देते. तिकडे दत्ताभाऊ (मोहन आगाशे) ऑलिव्ह रिडले कासवांची अंडी वाचवायच्या कामात आहेत. जानकी स्वतः नैराश्यातून गेलेली आहे, म्हणून तिला कळतं की कवचात गेलेल्याला हाका मारून काही होत नाही.

हे किती खरं आहे ते मी सांगू शकतो. निदानानंतर मला सगळ्यात जास्त थकवलं ते प्रश्नांनी. मावशी म्हणायची, “अरे, पण झालंय काय एवढं? पगार चांगला, घरचे चांगले...” मॅनेजरला कारण हवं होतं, सुट्टीच्या फॉर्ममध्ये भरता येईल असं. एचआरला ‘तुमच्याशी मोकळेपणाने बोलायचं’ होतं. सगळे चांगल्या मनाने विचारत होते आणि प्रत्येकाला उत्तर देताना मी स्वतःचाच वकील होत होतो. या काळात खरी मदत केली ती रूममेटने. तो दाराबाहेरून एवढंच म्हणायचा, “पोहे केलेत, झाकून ठेवलेत.” ‘कासव’मधली जानकी मला त्या झाकलेल्या पोह्यांसारखी वाटते. त्या नव्या कायद्यानेही एका अर्थी हेच केलं. जीव द्यायचा प्रयत्न करणारा माणूस तीव्र ताणाखाली होता असं गृहीत धरा, त्याच्यावर खटला चालवू नका, असं त्याने सांगितलं.

मग माझी तक्रार काय? न विचारणं कुणाला परवडतं, हे ‘कासव’ सांगत नाही, ही तक्रार. जानकीकडे घर आहे, गाडी आहे, ड्रायव्हर आहे आणि मुख्य म्हणजे वेळ आहे. मानव तिचा कुणीच नाही, त्यामुळे त्याच्याकडून तिला कसलीही अपेक्षा नाही. माझ्या आईला ही चैन नाही. ती विचारते, कारण रात्री दोनला मी जागा असेन तर तिच्या पोटात गोळा येतो. तिला ‘जानकी हो’ म्हणणं सोपं आहे आणि अन्यायाचंही आहे.

याच जोडीचा ‘देवराई’ (२००४) या बाबतीत जास्त प्रामाणिक आहे. त्यात शेषला (अतुल कुलकर्णी) स्किझोफ्रेनिया आहे आणि त्याची बहीण सीना (सोनाली कुलकर्णी) त्याला आपल्या संसारात आणते. तिथे न विचारण्याची सोय नाही. भावाचं करायचं, नवऱ्याला सांभाळायचं, घर चालवायचं, हे सगळं तिच्याच अंगावर पडतं. या आजारात एक माणूस आजारी असतो आणि चार जण दमतात, हे ‘देवराई’ला माहीत आहे. तेरा वर्षांनी ‘कासव’ने काळजी घेणारी व्यक्तीच परकी करून टाकली. सिनेमा त्यामुळे हळुवार झाला, पण दमलेली माणसं त्यातून गेली.

दोन्हीकडे कोकण आहे, हेही मला खटकत राहतं. समुद्र आणि झाडं बघितली की मनाला बरं वाटतं हे खोटं नाही. पण ‘कासव’ बघून लोकांनी त्यातून उचललं ते एवढंच. “चार दिवस कोकणात जाऊन ये” हा सल्ला मला इतक्यांदा मिळालाय की त्याचं मॅक्रो करून ठेवावं. माझा आजार हिंजवडीत राहतो. सकाळी साडेदहाच्या स्टँडअपला कॅमेरा चालू करतो. लिथियम घेणाऱ्याला ठरावीक काळाने रक्त तपासावं लागतं. शेवटच्या गोळीनंतर साधारण बारा तासांनी, म्हणजे ऑफिसच्या दिवशी सकाळीच लॅबमध्ये. थायरॉइड, किडनी, तेही बघावं लागतं. कप धरताना हात किंचित थरथरतो. या सगळ्यात नाट्य काहीच नाही. कदाचित म्हणूनच ते पडद्यावर येत नसावं.

पण याचं उत्तर ‘कासव’च्याच पोटात आहे. कोकणच्या किनाऱ्यावर कासवं वाचतात ती समुद्राच्या मायेने नाही. मादी अंडी घालून निघून जाते. कोल्ही-कुत्री ती उकरतात, माणसंही नेतात. म्हणून भल्या पहाटे कुणीतरी किनारा पालथा घालतं, घरटं शोधतं आणि अंडी काढून कुंपणातल्या खड्ड्यात, तेवढ्याच खोलीवर पुरतं. तारीख लिहितं. मग साधारण पंचेचाळीस ते साठ दिवस रोज चक्कर मारतं. पिल्लं बाहेर आली की त्यांना उचलून पाण्यात टाकत नाहीत, वाळूवर सोडतात. समुद्रापर्यंत ती आपली आपण चालतात.

चालत जाणाऱ्या पिल्लांचा फोटो सगळे काढतात. कुंपणाचा आणि तारखांच्या वहीचा कुणी काढत नाही. माझ्यासाठी मात्र ‘कासव’चा खरा अर्थ त्या वहीत आहे. मला वाचवलं ते रोजच्या नोंदीने: गोळी घेतली, किती तास झोपलो, तपासणी कधी आहे. जानकीचं न विचारणं आणि वहीतली तारीख, दोन्ही लागतात. सिनेमाने पहिलं अप्रतिम दाखवलं आणि दुसरं रूपकात ठेवून दिलं.

सुमित्रा भावे २०२१ मध्ये गेल्या. मनाच्या आजाराकडे मराठी सिनेमात एवढ्या सबुरीने बघणारं दुसरं कुणी मला चटकन आठवत नाही. म्हणून तर त्यांच्याशी भांडावंसं वाटतं. तुमच्या घरात माझ्यासारखं कुणी असेल तर ‘कासव’ जरूर बघा, पण सोबत ‘देवराई’ही बघा. आणि तुमच्यातलं कुणी पटकथा लिहीत असेल, तर पुढची गोष्ट कुंपणाच्या आत, रोज पहाटे उठणाऱ्या माणसाची लिहा. कधी तो काळजी घेणारा असेल, कधी तोच आजारी असेल.