खेळांतील कारागिरी आणि हातगुण

वाङ्मयविषयक मासिकांत संगणकावरील खेळांचें परीक्षण यावें, याचें कित्येक वाचकांस नवल वाटेल. कांहींस तें खपणारही नाहीं. परंतु ज्या खेळांत असंख्य माणसें वर्षानुवर्षें आपली संध्याकाळ घालवितात, ज्यांत कथानक आहे, पात्रें आहेत, संगीत आहे, आणि जगण्याविषयींची एक विशिष्ट समजूतही आहे, त्यांस टीकेच्या कक्षेबाहेर ठेवणें हा निव्वळ सोंवळेपणा होय. आमच्या घरांतील मुलें हे खेळ खेळतात, आणि आईबाप "वेळ फुकट गेला" एवढा शेरा मारून मोकळे होतात. वेळ गेला खरा. पण त्या वेळांत मुलगा काय शिकला हें विचारल्याखेरीज तो फुकट गेला कीं नाहीं हें कसें ठरावें?

या लेखांत अशा खेळांच्या एकाच अंगाचा विचार करावयाचा आहे. तलवारी, राक्षस आणि लढाया यांची ख्याति सर्वत्र आहेच. पण देशोदेशींच्या लोकांनीं इंटरनेटवर एकत्र येऊन खेळावयाच्या या खेळांत लढवय्यांखेरीज एक वर्ग कारागिरांचा असतो. ते सुतारकाम करतात, लोहारकाम करतात, कापड विणतात, स्वयंपाक करतात. आणि आपण केलेल्या वस्तूची प्रत वाढावी यासाठीं त्यांची सारी धडपड चालते. तीच तलवार साधी निघते कीं उत्तम, यापायीं त्यांच्या रात्री जातात. प्रत म्हणजे काय, ती कशानें वाढते, आणि ती वाढविल्याचें श्रेय कोणाचें, हे तीन प्रश्न खरोखर जगांतील प्रत्येक कारागिराचे आहेत. खेळ रचणारांनीं त्यांस निरनिराळीं उत्तरें दिलीं आहेत. त्यांची पारख करावयाची तर हातीं एखादी कसोटी हवी. ती आम्हीं जवळचीच घेतों, नीरेच्या खोऱ्यांतील ऊंस आणि गूळ यांची.

बारामती तालुक्यांतील सोमेश्वरनगर ही साखर कारखान्याभोंवतीं वाढलेली वस्ती. नीरा डाव्या कालव्याच्या पाण्यावर पोसलेला ऊंस येथें गाळला जातो, आणि त्याची साखर दाण्याच्या आकारावरून व रंगावरून एस-३०, एम-३० अशा नांवांनीं बाजारांत जाते. कारखान्यांत प्रत ही यंत्रानें राखावयाची आणि आंकड्यानें सांगावयाची वस्तु आहे. गुऱ्हाळांत तसें नाहीं. रस काहिलींत पडला कीं जळव्या चुलाण्यांत चिपाडें सारून आंच सांभाळतो. गुळव्या भेंडीचा चिकट रस घालून मळी वर आणतो आणि ती काढून टाकतो. चुना किती घालावा हें तो उसाची जात, जमीन आणि रसाचा रंग पाहून ठरवितो. उष्णतामापक लावला तर काहील उतरण्याची वेळ सुमारें ११५ ते ११८ अंश सेल्सियसला येते. पण मुरलेला गुळव्या पाकाचा थेंब गार पाण्यांत सोडतो, बोटांनीं त्याची गोळी वळतो आणि ती आपटून तिचा आवाज ऐकतो. काहील जरा लवकर उतरली तर ढेप बसत नाहीं. जरा उशीर झाला तर गूळ करपतो. म्हणजे येथें प्रत तीन ठिकाणीं ठरते: मालांत, हातांत, आणि शेवटीं खाणाराच्या जिभेवर. ही कसोटी घेऊन आतां खेळांकडे वळूं.

पहिला खेळ 'स्टार वॉर्स गॅलेक्सीज'. हा अमेरिकेंत २००३ सालीं सुरू झाला आणि १५ डिसेंबर २०११ रोजीं कायमचा बंद पडला. याच्या रचनाकारांनीं प्रत मुख्यतः मालांत ठेवली होती. धातु असो वा कातडें, प्रत्येक मालाच्या अंगीं निरनिराळे गुण असत आणि त्यांचें माप हजारापर्यंत जाई. एखादा उत्तम धातु कांहीं दिवस एखाद्या ग्रहावर सांपडे, आणि मग संपे तो पुन्हां त्याच रूपांत कधींच येत नसे. त्यामुळें चांगल्या कारागिराची खूण त्याच्या कोठारांत दिसे: कोणता माल केव्हां हेरला, किती सांठवला, कोणत्या कामासाठीं राखून ठेवला. शिवाय वस्तु वापरानें झिजत, म्हणून कारागिराची गरज संपत नसे.

ही कल्पना नीराकाठच्या शेतकऱ्यास तत्काळ पटेल. सोमेश्वरनगरापासून फार दूर नसलेल्या पाडेगांव येथें १९३२ पासून ऊंस संशोधन केंद्र आहे. को ८६०३२ ही जात 'नीरा' या नांवानें तेथून १९९६ सालीं शेतकऱ्यांच्या हातीं आली. पण जात एकच असली तरी आडसालीचा ऊंस निराळा, सुरूचा निराळा, खोडव्याचा निराळा. आणि तोडून दोन दिवस फडांत पडलेल्या उसाचा रस ताज्या उसाची बरोबरी करीत नाहीं. दोन गाड्यांचा माल सारखा नसतो, हें सत्य या खेळानें ओळखलें होतें. त्याचें उणें एवढेंच कीं माल एकदां हातीं आल्यावर पुढील घडण कांहीं गुणांची वांटणी आणि कांहीं नशीब एवढ्यावर उरकली जाई. ऊंस उत्तम होता. गुळव्याला मात्र फारसें काम नव्हतें.

दुसरा खेळ जपानांतील 'फायनल फॅन्टसी १४'. २०१० सालीं तो प्रथम निघाला तेव्हां इतका फसला कीं तो बंद करून, नाओकी योशिदा यांच्या देखरेखीखालीं, नव्यानें रचावा लागला. हा नवा अवतार ऑगस्ट २०१३ मध्यें आला आणि आजही चालू आहे. यांत कारागिरीचे आठ धंदे आहेत. वस्तु घडवितांना कारागिरापुढें तीन मापें असतात: काम किती पुरें झालें, प्रत किती चढली, आणि हातच्या वस्तूंत टिकाव किती उरला. काम पुढें नेणारा घाव निराळा, प्रत चढविणारा निराळा. बहुतेक घावांनीं टिकाव घटतो आणि कारागिराची स्वतःची शक्तीही मोजकीच असते. प्रतीच्या लोभानें घाव घालीत राहावें तर काम पुरें होण्यापूर्वींच वस्तु मोडते आणि माल वायां जातो. घाईनें उरकावें तर वस्तु साधीच निघते. शिवाय घावागणिक मालाची अवस्था पालटूं शकते. ती चांगली असतां प्रतीचा घाव दीडपट फळतो, उत्कृष्ट असतां चौपट. आणि उत्कृष्टामागून लगेच वाईट अवस्था येते, तींत घावाचें फळ निम्में होतें. प्रतीच्या घावांबरोबर कारागिराच्या अंगीं एक प्रकारची एकाग्रता सांचत जाते, ती दहा पायऱ्यांपर्यंत. आणि एका अखेरच्या घावांत ती सारी खर्चून टाकतां येते. तो घाव केव्हां घालावा, हा या घडणीचा गाभा होय.

गार पाण्यांतली पाकाची गोळी आपटून ऐकणारा गुळव्या येथें आठवल्यावांचून राहत नाहीं. थांबावें कीं उतरावें, या एका निर्णयावर आधणाचें सारें बरेंवाईट अवलंबून असतें, आणि तो निर्णय चुकल्यास खरेंच कांहीं गमवावें लागतें. गमावण्याची धास्ती नसेल तर कौशल्यास कौशल्य कोण म्हणेल? या खेळाच्या रचनाकारास हें मर्म कळलें आहे, असें आम्हांस वाटतें.

परंतु याच खेळांत एक पळवाटही आहे. घावांचा क्रम आधीं लिहून ठेवून एका कळीसरशीं तो चालवितां येतो. या आज्ञांच्या माळेस मॅक्रो म्हणतात. हिशेबी खेळाडू कागदावर गणित मांडून असा क्रम शोधतात कीं मालाची अवस्था कशीही पालटली तरी वस्तु उत्तम निघावी. मग बाकीचे तो क्रम उतरून घेतात, कळ दाबतात आणि चहा करावयास जातात. यास आळस म्हणून हिणवणें बरोबर नाहीं. एकच वस्तु शंभर वेळां करावी लागली म्हणजे कोणताही शहाणा मनुष्य हेंच करील. कारखाना निघाला तो याच न्यायानें. पण त्याबरोबर हातगुण गेला, हेंही मान्य केलें पाहिजे. रचनाकारांस याची जाणीव झाली असावी, कारण २०२० सालीं इशगार्ड या काल्पनिक नगरींतील पडझड झालेली पेठ पुन्हां उभारण्याचें काम साऱ्या कारागिरांवर सोंपवितांना त्यांनीं तज्ज्ञांसाठीं कांहीं अवघड नमुने ठेवले. त्यांत मालाच्या अवस्था अधिक आणि वरचेवर पालटणाऱ्या. तेथें उतरून घेतलेली माळ सहसा टिकत नाहीं, पाहून आणि ठरवून घाव घालावा लागतो. आमच्या मतें कारागिरीच्या खेळांतील हा सर्वांत सरस भाग आहे.

तिसरा खेळ 'वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट'. हा २००४ पासून चालू असला तरी वस्तूंच्या प्रतीचा विचार त्यानें खऱ्या अर्थानें केला तो नोव्हेंबर २०२२ मधील 'ड्रॅगनफ्लाइट' या भागांत. शस्त्रें-चिलखतें यांच्या पांच प्रती, कच्च्या मालाच्या तीन, आणि गिऱ्हाइकानें कारागिराकडे काम सोंपविण्याची सोय, अशी ही व्यवस्था. तींत 'स्फूर्ति' नांवाचा एक गुण होता: घडवितां घडवितां अवचित स्फूर्ति आली तर वस्तु वरच्या प्रतीची निघे. नांव काव्यमय, पण आंत सोडतच होती. चांगला कारागीर आणि नशीबवान कारागीर यांतील भेद पुसला गेला कीं गिऱ्हाईकही चिडतें आणि कारागीरही. म्हणून ऑगस्ट २०२४ मधील पुढच्या भागांत स्फूर्ति काढून तिच्या जागीं 'एकाग्रता' आली. ती कारागिराजवळ ठराविक मापाची असते, दिवसांमागून दिवस हळूहळू भरते, आणि खर्च केली असतां वस्तु हमखास एक पायरी वर चढते. हा बदल न्यायाचा खरा. मनुष्याचें लक्ष हें मोजकें असतें, तें कोणत्या कामावर वेंचावें हें ज्यानें त्यानें ठरवावें, हा त्यांतला विचारही चांगला. पण धास्ती गेली ती गेलीच. हमी विकत मिळाल्यावर उरतो तो जमाखर्च.

या तिन्ही खेळांस मिळून एक दोष लावावा लागतो, आणि तो मूलगामी आहे. यांत प्रत म्हणजे आंकडा. उत्तम प्रतीचें पक्वान्न खाल्लें कीं खेळांतील वीराचे कांहीं अंक जास्त वाढतात, एवढाच त्याचा उत्तमपणा; त्याची चव कोणी घेत नाहीं. आमच्या कसोटीचा तिसरा भाग, खाणाराची जीभ, तीच येथें नाहीं. पण हा दोष खेळांच्या माथीं मारून आपण मोकळे होऊं पाहूं तर तें साधणार नाहीं. गुळाच्या बाजारांत पिवळ्याधमक रंगाच्या ढेपेस भाव चढतो, म्हणून काहिलींत हायड्रॉसची पूड घालून गूळ उजळ करण्याची चाल पडली. रंग खुलतो, गंधकाचा अंश मागें राहतो, आणि भेंडी घालून केलेला तांबूस गूळ 'हलका' ठरतो. जेथें प्रत एका खुणेवरून मोजली जाते तेथें कारागीर ती खूण वाढवूं लागतो, वस्तु नव्हे. काल्पनिक नगरींतला खेळाडू आणि गुऱ्हाळमालक येथें एकाच पंक्तीला बसतात.

आतां श्रेयाचा प्रश्न. येथें मात्र खेळ आपल्यापुढें आहेत. 'फायनल फॅन्टसी'मध्यें घडविलेल्या शस्त्रावर किंवा चिलखतावर घडविणाराचें नांव राहतें. वस्तु कोठेंही गेली तरी पाहणारास तें वाचतां येतें. १९९७ सालच्या 'अल्टिमा ऑनलाइन' या जुन्या खेळांतही निष्णात कारागीर आपल्या असामान्य वस्तूंवर अशी मुद्रा उठवीत. उलट आपल्या उसाचें पहा. केंद्र सरकार उसास जी किमान किंमत ठरवितें ती साखरेच्या उताऱ्याशीं जोडलेली असते. २०२२-२३ च्या हंगामापासून पायाभूत उतारा १०.२५ टक्के धरला आहे. पण हा उतारा साऱ्या कारखान्याचा सरासरीनें काढतात, आणि शेतकऱ्यास पैसे मिळतात ते वजनावर. पक्व, स्वच्छ, ताजा ऊंस आणणारा आणि पाचटासकट शिळा ऊंस आणणारा, दोघांस टनामागें भाव तोच. चांगल्याचें चांगलेपण सरासरींत बुडतें. हजारों गाड्यांची निरनिराळी परीक्षा करणें अवघड आहे, हें खरें, पण ज्या मुलानें खेळांत आपल्या नांवाची तलवार पाहिली तो उद्यां वजनकांट्यापुढें उभा राहून "माझ्या उसाचा उतारा किती?" असें विचारील, तर त्यास उद्धट म्हणतां येणार नाहीं.

तेव्हां आमचा निर्णय असा. मालाची ओळख 'गॅलेक्सीज'नें उत्तम शिकविली, न्यायाची वांटणी 'वॉरक्राफ्ट'नें साधली, पण हाताची कसोटी पाहणारा खेळ 'फायनल फॅन्टसी' हाच, आणि तोही जेथें उतरून घेतलेल्या माळेचा उपयोग होत नाहीं तेथें. आईबापांनीं मुलांस हा खेळ खेळूं द्यावा कीं नाहीं, हें त्यांचें त्यांनीं ठरवावें. आमची सूचना एवढीच कीं सुटींत एकदां त्यांस चालू गुऱ्हाळावर न्यावें, आणि काहील उतरण्याच्या वेळीं गुळव्याच्या हाताकडे पाहण्यास सांगावें. आणि मराठी मुलांपैकीं कोणी पुढें स्वतः खेळ रचावयास बसलाच, तर त्यानें त्यांत एक गुऱ्हाळ घालावें, विकत घेणारास गूळ चाखून परत करण्याची मुभा ठेवावी, आणि ढेपेवर गुळव्याचें नांव उमटूं द्यावें.