वीस चित्रं आणि एक पान

अमेरिकेत एमएफएला, म्हणजे मास्टर ऑफ फाइन आर्ट्सला, अर्ज करायचा तर मुख्यतः दोन गोष्टी लागतात: पंधरा-वीस चित्रांचा पोर्टफोलिओ आणि पानभर स्टेटमेंट. शिफारसपत्रं, गुणपत्रिका, इंग्रजीची परीक्षा हे सगळं असतंच, पण निवड समितीसमोर तुम्ही म्हणून जे काही उभं राहतं ते या दोन गोष्टींतून. चित्रांवर समीक्षा लिहिली जाते. त्या एका पानावर कोणी लिहीत नाही, कारण त्याला कोणी साहित्यच मानत नाही.

मला वाटतं मानायला हवं. गेल्या दोन वर्षांत मी अशी पन्नासेक पानं वाचली. काही ओळखीच्यांची, काही चित्रकारांच्या वेबसाइटवरची, काही नमुना म्हणून नेटवर फिरणारी. वाचून असं झालं की हा लग्नपत्रिकेसारखा प्रकार आहे. 'आमचे येथे श्रीकृपेकरून' लिहिल्याशिवाय पत्रिका पत्रिका वाटत नाही, तसं 'माझं काम अमुक आणि तमुक यांच्यातल्या सीमारेषेचा शोध घेतं' असं लिहिल्याशिवाय स्टेटमेंट स्टेटमेंट वाटत नाही. अमुक-तमुकच्या जागी स्मृती आणि विस्मरण घाला, शरीर आणि शहर घाला, घर आणि स्थलांतर घाला. वाक्य चालतं. चित्र कुठलंही असो, वाक्य चालतं, आणि तिथेच मला खटकतं.

इंजिनिअर लोकांना हा प्रकार नवा नाही. आमच्या बॅचमधल्या निम्म्या मुलांनी एमएससाठी एसओपी लिहिल्या, आणि त्यातल्या बहुतेकांना लहानपणी घरातला रेडिओ उघडून बघायची आवड होती. (रेडिओ कोणाच्याच घरात नव्हता. आमचं लहानपण टीव्ही आणि नोकियाचं.) पण त्या खोटेपणाने फार नुकसान होत नाही. तिथे मार्क असतात, प्रोजेक्ट असतात, कोड चालतो किंवा चालत नाही. एसओपी हा त्यावरचा कोथिंबिरीचा थर. एमएफएच्या स्टेटमेंटचं तसं नाही. चित्राला 'चालतं' असा शेरा मारता येत नाही, त्यामुळे शब्दांचं वजन वाढतं. वीस चित्रं कशी बघायची हे ते एक पान सांगतं, आणि हळूहळू चित्रं त्या पानाची उदाहरणं होऊन बसतात.

या भाषेवर एक मजेशीर काम झालेलं आहे. 2012 मध्ये 'ट्रिपल कॅनॉपी' या अमेरिकन ऑनलाइन मासिकात अ‍ॅलिक्स रूल आणि डेव्हिड लेव्हिन यांनी 'इंटरनॅशनल आर्ट इंग्लिश' नावाचा निबंध लिहिला. 'ई-फ्लक्स' ही सेवा 1999 पासून जगभरच्या प्रदर्शनांची निवेदनं ईमेलने पाठवते. या दोघांनी त्या निवेदनांचा साठा घेतला आणि भाषाशास्त्रज्ञ वापरतात तसल्या सॉफ्टवेअरमध्ये घातला. कुठले शब्द सामान्य इंग्रजीपेक्षा किती जास्त येतात ते मोजलं. 'स्पेस' हा शब्द सगळीकडे. विशेषणांची नामं, नामांची आणखी लांब नामं. त्यांचं म्हणणं, ही भाषा इंग्रजीत लिहिलेली असली तरी इंग्रजी नाही. फ्रेंच सिद्धान्तांच्या भाषांतरातून, 1976 मध्ये सुरू झालेल्या 'ऑक्टोबर'सारख्या नियतकालिकांतून ती तयार झाली आणि मग जगभर पसरली. लॉग फाइल उघडून त्यातला घोळ शोधणं हे माझं रोजचं काम आहे, त्यामुळे निबंध वाचताना मी खूश होते.

दुसऱ्या वर्षी हितो श्टायर्ल या जर्मन चित्रपटकर्तीने 'ई-फ्लक्स'च्याच जर्नलमध्ये त्याला उत्तर दिलं आणि माझी खुशी उतरली. तिचा मुद्दा साधा आहे. ही मोडकी, फुगवलेली इंग्रजी लिहितं कोण? बहुतेक वेळा बिनपगारी किंवा अर्ध्या पगाराची, इंग्रजी मातृभाषा नसलेली तरुण मुलं. त्यांच्या वाक्यांना हसणं म्हणजे शुद्ध इंग्रजी कोणाची याचा पहारा देणं. या मुद्द्यावर मी श्टायर्लच्या बाजूची आहे, पण पूर्ण नाही. माझ्यासारखीला ती भाषा बाहेरून येते हे खरं. पण ती भाषा गरिबाची म्हणून तिच्याविषयी माया वाटली तरी तिच्यात माझं चित्र मावत नाही, त्याचं काय?

आणि मराठीत सगळं स्वच्छ आहे असं समजू नका. कुठलाही मराठी प्रदर्शन-परिचय उघडा. तिसऱ्या ओळीत 'अवकाश' येतो, पाचव्यात 'जाणीव', आणि शेवटी चित्र आपल्याला 'अस्वस्थ करून जातं'. मीही मराठी वाचते, मलाही अस्वस्थ व्हायला आवडतं, पण दर रविवारी कसं होणार?

आता माझ्या चित्रांविषयी सांगावं लागेल, नाहीतर हे सगळं हवेत राहील. ऑगस्ट 2019 मध्ये सांगलीत आयर्विन पुलाजवळ कृष्णेची पातळी 57 फुटांच्या वर गेली तेव्हा आमच्या घरात पाच फूट दोन इंच पाणी होतं. मी पुण्यात, नोकरीच्या पहिल्या वर्षात. पाणी ओसरल्यावर बाबांनी स्वयंपाकघराच्या भिंतीवर पेन्सिलने रेघ मारून तारीख लिहिली. आम्हा बहिणींची उंची मोजायच्या खुणा होत्या त्याच भिंतीवर. त्यानंतर दोनदा रंग दिला, दोनदा ओल वर आली, पोपडे निघाले. दर वेळी बाबा रेघ परत मारतात. मी ती भिंत चारकोलने काढते. आतापर्यंत एक्केचाळीस चित्रं झाली. भिंत, फळी, कपाटाचं फुगलेलं दार, गिलाव्यातून बाहेर आलेली वायर.

या चित्रांवर मी लिहिलेलं पान एका कन्सल्टंटकडे दिलं होतं. पैसे घेऊन अर्ज नीट करून देणारी ही माणसं एमएसवाल्यांना माहीत आहेतच. आता ती कलेच्या अर्जांनाही मिळतात. पान परत आलं ते 'पर्यावरणीय आघाताचे ठसे' आणि 'घरगुती अवकाशाचं राजकारण' घेऊन. चूक काही नव्हतं त्यात. पूर पर्यावरणाचा प्रश्न आहे, धरणातून पाणी कधी सोडायचं हे राजकारण आहे, आणि स्वयंपाकघर घरगुती आहेच. फक्त 'ओल' हा शब्द गेला होता. इंग्रजीत त्याच्या जागी जो शब्द येतो तो बांधकाम खात्याच्या अहवालातला वाटतो. मराठीत ओल भिंतीला येते, जमिनीत असते, पेरणीआधी शेतकरी ती बोटांनी तपासतो, आणि माणसाच्या बोलण्यात राहिली नाही तर आपण त्याला कोरडा म्हणतो. एकाच शब्दात नासणं आणि रुजणं दोन्ही. मी जे काढते ते त्या शब्दाच्या आत कुठेतरी आहे, असं मला वाटतं. 'आघाताचे ठसे' म्हटलं की अर्धं कापलं जातं आणि उरलेलं अर्धं समितीला आधीपासून माहीत असतं.

दुसरा सल्ला सगळेच देतात: तू इंजिनिअर आहेस ना, मग कोड आणि चारकोलचा मेळ घाल, एआयला पुराचे फोटो दाखव, हेच तुझं वेगळेपण. शक्य आहे की कोणी हे मनापासून करत असेल, करावं. पण माझ्या बाबतीत नोकरी आणि चित्रं यांच्यातला एकमेव खरा दुवा पगार हा आहे. त्यातून कागद येतो, चांगला जाड कागद, आणि रविवार येतो. हे वाक्य स्टेटमेंटमध्ये घालायला कोणीच परवानगी देत नाही.

इथे भूपेन खख्खर आठवतात. जन्म 1934 चा, मुंबईचा. चार्टर्ड अकाउंटंट. गुलाममोहम्मद शेख यांनी गळ घातली आणि 1962 मध्ये ते बडोद्याला गेले. सयाजीराव विद्यापीठाच्या कलाशाखेत त्यांनी प्रवेश घेतला तो चित्रकलेच्या वर्गात नाही, कलासमीक्षेच्या अभ्यासक्रमात. पुढे बरीच वर्षं ते एका इंजिनिअरिंग कारखान्यात अर्धवेळ हिशेब लिहीत होते आणि उरलेल्या वेळात चित्रं काढत होते. आजही आपल्याकडे चित्रकलेच्या पदव्युत्तर वर्गाला बहुतेक ठिकाणी चित्रकलेचीच पदवी लागते. इंजिनिअरला डिझाइनचं दार उघडं आहे, सीईईडी देऊन आयआयटीच्या एमडेसला जाता येतं, पण रंगवायचं म्हटलं की पदवी विचारतात. माझ्यासारख्या लोकांची नजर अमेरिकेकडे जाते त्याचं एक कारण हे. तिथे बऱ्याच एमएफएंना कुठल्याही विषयातली पदवी चालते.

तर समजा, 1962 मध्ये खख्खरांना स्टेटमेंट लिहायला लावलं असतं. काय लिहिलं असतं? कॅलेंडरवरच्या देवांची कात्रणं चिकटवून केलेली त्यांची कोलाजं अजून झाली नव्हती. 'जनता वॉच रिपेअरिंग' आणि 'डीलक्स टेलर्स' ही दुकानांची चित्रं 1972 ची. समलैंगिकतेविषयी उघडपणे बोलणारं 'यू कान्ट प्लीज ऑल' 1981 चं. ज्या गोष्टीसाठी 2016 मध्ये लंडनच्या टेट मॉडर्नने त्यांचं मोठं प्रदर्शन भरवलं, ती गोष्ट अर्जाच्या दिवशी त्यांना लिहिता आली नसती. ती वीस वर्षं लांब होती, आणि काही भाग तर तोंडातून काढण्याजोगाही नव्हता. स्टेटमेंटची माझी सगळ्यात मोठी अडचण हीच. ते तुम्हाला दाराशीच विचारतं की आत जाऊन तुम्हाला काय सापडणार आहे.

खख्खरांनी मात्र या प्रकारावर दहा वर्षांनी सूड उगवला. 1972 मध्ये मुंबईच्या गॅलरी केमोल्डमधल्या प्रदर्शनाला त्यांनी एक कॅटलॉग काढला, नाव 'ट्रूथ इज ब्यूटी अँड ब्यूटी इज गॉड'. त्यात चित्रकाराचे गंभीर चेहऱ्याचे फोटो असायला हवेत तिथे खख्खर स्वतः जेम्स बाँड झालेत, मिस्टर युनिव्हर्स झालेत, डोकेदुखीच्या जाहिरातीतला कपाळ धरलेला माणूस झालेत. समीक्षा शिकलेल्या माणसाने समीक्षेच्या थाटाची केलेली ही थट्टा आहे, आणि माझ्या मते भारतीय चित्रकाराने दिलेलं हे सगळ्यात प्रामाणिक स्टेटमेंट आहे. चित्रकार म्हणून मिरवणं हीसुद्धा एक जाहिरात आहे, एवढं ते सांगतं. चित्रांविषयी अवाक्षर काढत नाही.

समितीची बाजू नाही असं नाही. थोड्या जागांसाठी आलेले अर्ज चाळायचे तर काहीतरी वाचावं लागणार. शिवाय अर्जाने मला एक गोष्ट दिली, ती नाकारत नाही. एक्केचाळीसातून वीस निवडायची म्हणून सगळी चित्रं जमिनीवर मांडली, तेव्हा दिसलं की एकाही चित्रात पाणी नाही. माणूसही नाही. आणि जवळजवळ प्रत्येक कागदावर काहीतरी पाच फूट दोन इंचांच्या आसपास थांबतं. जिथे रेघ काढलेली नाही तिथेही. हे मी ठरवून केलेलं नव्हतं. चित्रं निवडण्याच्या कामाने ते दाखवलं, पान लिहिण्याच्या कामाने नव्हे. पोर्टफोलिओ मागा, दहा मुलाखती घ्या, समोर बसवून काढून घ्या. पान मागायचंच असेल तर चित्रात काय आहे ते साध्या शब्दांत लिहायला सांगा, म्हणजे कोणी बघतं आणि कोणी नुसतं बोलतं ते लगेच कळेल.

आणि आत गेल्यावर तरी काय? 2015 मध्ये लॉस एंजेलिसच्या सदर्न कॅलिफोर्निया विद्यापीठात एमएफएच्या पहिल्या वर्षाचे सातच्या सात विद्यार्थी बाहेर पडले. अर्थसाहाय्य आणि अभ्यासक्रमाबाबत दिलेला शब्द पाळला नाही, असं त्यांचं म्हणणं होतं. काही खासगी संस्थांत नुसती फी वर्षाला 50 हजार डॉलरच्या वर जाते. कॉम्प्युटर सायन्सच्या एमएसनंतर तिथे तीन वर्षं काम करायची मुभा मिळते, चित्रकलेच्या एमएफएनंतर एक. हे आकडे आईला पाठ आहेत. मला त्या बदल्यात हवी आहेत ती दोन वर्षं, एक खोली, आणि माझं चित्र भिंतीवर लावून त्याच्यासमोर तासभर भांडणारी चार माणसं. पुण्यात खोली भाड्याने मिळते. ती चार माणसं अजून मिळाली नाहीत.

म्हणून अर्ज करतेय. फीमाफी देणाऱ्या तीनच ठिकाणी. पान नव्याने लिहिलंय, त्याचं पहिलं वाक्य भिंत किती इंचांपर्यंत ओली होती ते सांगतं, आणि 'ओल' हा शब्द तसाच ठेवून पुढे दोन ओळींत त्याचा अर्थ दिलाय. वीसपैकी तेरा चित्रं पक्की झालीत. उरलेल्या सातांसाठी मला भिंत आहे तशी हवी आहे, आणि बाबांना दिवाळीआधी तिसऱ्यांदा रंग काढायचाय. जानेवारीपर्यंत थांबा म्हटलं तर म्हणाले, "का गं, कॉलेजवाले भिंत बघायला येणारेत होय?"