अचूक मापाची साक्ष

ऐतिहासिक चित्रपटातलं विमान किती फूट असावं, हा प्रश्न तत्त्वज्ञानाच्या माणसाने कशाला घ्यावा, असं काहींना वाटेल. हा कलादिग्दर्शकाचा प्रश्न आहे, खरंच. पण एखादी गोष्ट आपल्याला 'कळली' असं आपण केव्हा म्हणतो, हाही प्रश्न त्याच्यात दडलेला आहे. म्हणून आज तो घेऊ.

उदाहरण एकच घेतो. 'द डॅम बस्टर्स' हा 1955चा ब्रिटिश चित्रपट, दिग्दर्शक मायकेल अँडरसन. 16-17 मे 1943च्या रात्री ब्रिटिश हवाई दलाची 19 लँकास्टर विमानं जर्मनीतली धरणं फोडायला गेली, त्याची ही गोष्ट. मुलं तळ्यावर चपटा दगड मारून त्याला टप्पे खायला लावतात ना, तसा पाण्यावर टप्पे खात धरणाच्या भिंतीपर्यंत जाणारा बॉम्ब बार्न्स वॉलिस या अभियंत्याने तयार केला होता.

आता समजा, या विमानाचं माप तुम्हाला काढायचं आहे. पंखांचं सोपं आहे: या टोकापासून त्या टोकापर्यंत 102 फूट. पण उंची? लँकास्टर जमिनीवर उभं असतं तेव्हा त्याचं शेपूट खाली टेकलेलं असतं आणि नाक वर असतं. शेपूट उचलून विमान आडवं धरलं की उंचीचा आकडा बदलतो. म्हणजे कोणत्या स्थितीत मोजलं हे सांगितल्याशिवाय तो आकडा ज्ञान होत नाही, ती नुसती संख्या राहते.

आपल्या नैयायिकांनी विचारलं असतं, प्रमाण कोणतं? संग्रहालयातल्या विमानाला फीत लावली, हे प्रत्यक्ष. जुन्या छायाचित्रात चाकाचा व्यास ठाऊक आहे, त्यावरून बाकीचं काढलं, हे अनुमान. कारखान्याच्या नकाशावर विसंबलो, हे शब्दप्रमाण. आणि यातलं प्रत्यक्षसुद्धा तपासावं लागतं बरं का. त्या रात्रीच्या विमानांच्या पाठीवरचा बंदुकीचा घुमट काढून टाकला होता, पोटाखालची बॉम्बकक्षाची दारंही काढली होती. दुसरं कुठलंही लँकास्टर कितीही काळजीपूर्वक मोजा, ते 'हे' विमान नव्हे.

चित्रपटकर्त्यांना हवाई दलाने खरीखुरी लँकास्टर विमानं दिली. त्यामुळे विमानांच्या बाबतीत हा चित्रपट फार भक्कम आहे. बॉम्बच्या बाबतीत मात्र त्यांचे हात बांधलेले होते. युद्ध संपून दहा वर्षं होत आली तरी त्याचा आकार आणि मापं गुप्त होती. ती खुली झाली 1960च्या दशकात. चाचण्यांचं खरं चित्रण चित्रपटात आहे, पण त्यात बॉम्बवर काळा ठिपका टाकून तो झाकलेला दिसतो. आणि लँकास्टरखाली दिसतो तो गोलसर फुगीर बॉम्ब. खरा बॉम्ब पिंपासारखा, दंडगोल होता: लांबी 60 इंच, व्यास 50 इंच, वजन साधारण 9,250 पौंड.

कुणी म्हणेल, एवढ्याने काय बिघडलं? हा आक्षेप जुना आणि वजनदार आहे. ॲरिस्टॉटलने काव्यातल्या चुकांचे दोन प्रकार केले. हरिणीला शिंगं नसतात हे चित्रकाराला ठाऊक नसणं ही किरकोळ चूक; ती हरिणीसारखी न दिसणं ही कलेची चूक. या न्यायाने गोल बॉम्ब ही हरिणीची शिंगं ठरतात.

मला ते पटत नाही. त्या बॉम्बला टाकण्याआधी मिनिटाला 500 फेऱ्यांची उलटी फिरकी दिलेली असायची. त्यामुळे तो डगमगत नसे, टप्पे नीट पडत आणि भिंतीला टेकल्यावर तिला चिकटून खाली जाई. 30 फूट खोलीवर स्फोट. दंडगोल आकार आणि ही फिरकी मिळून ते यंत्र होतं. गुप्ततेमुळे चित्रपटाने आकार बदलला आणि फिरकीचा उल्लेखच गाळला. प्रेक्षकाला टप्पे मिळाले, कारण नाही मिळालं.

तरीही माझी मुख्य तक्रार ही नाही. गुप्ततेपुढे त्यांचा इलाज नव्हता. तक्रार अशी की अचूकपणा ही एक साक्ष असते. खरी विमानं बघून प्रेक्षक मनात म्हणतो, 'ही माणसं नीट अभ्यास करून आलीत.' आणि तो विश्वास फक्त विमानापुरता राहत नाही. तो गोल बॉम्बवर बसतो. आणि सगळ्यात शेवटी तो पाण्यावर बसतो.

133 वैमानिक-सैनिक गेले, त्यांतले 53 मेले. चित्रपट त्यांचा शोक करतो, आणि फार संयमाने करतो. धरणाखाली 1,300हून अधिक माणसं मेली. त्यांत म्योने धरणाखालच्या नेहाइम गावाजवळच्या छावणीतले वेठबिगार मजूर पुष्कळ होते. पूर्वेकडून पकडून आणलेल्या स्त्रिया होत्या. म्हणजे ज्यांना नाझींनी कैद केलं, त्याच बुडाल्या. पडद्यावर लोंढा आहे, छावणी नाही. विमानाच्या पंखाची लांबी बरोबर आहे, पण पाणी कुठवर गेलं याचं माप कुणी घेतलेलं नाही.

म्हणून चित्रपटाचा अभ्यास करणाऱ्यांना माझं सांगणं साधं आहे. मापं जरूर काढा, इंचापर्यंत काढा. प्रत्येक आकड्यापुढे लिहा: कोणत्या प्रमाणाने कळला, कोणत्या स्थितीत मोजला. आणि त्याच वहीत एक रकाना ठेवा, काय मोजलं नाही याचा. तो रकाना पडद्यावर दिसणार नाही. पण तुमच्या अचूक विमानाने मिळवलेला विश्वास कुठे खर्च होतोय, हे तुम्हाला तरी ठाऊक असेल.

थांबतो. आता तुमचे प्रश्न घेऊ या.