पस्तीसनं भागलेलं युद्ध

युद्ध घरात आणायचे दोन मार्ग आहेत. एक, लग्नाच्या याद्या करायला दोन्हीकडच्या मंडळींना एकत्र बसवणं. दुसरा, रणगाड्याचं किट विकत घेणं. पहिल्यात आवाज फार होतो. दुसऱ्यात नुसता वास येतो, डिंकाचा आणि रंगाचा.

आमच्या पुतण्यानं दुसरा मार्ग पत्करला आहे. दुसऱ्या महायुद्धातला जर्मन ‘टायगर’ रणगाडा त्यानं चिमटा, भिंग आणि बायकोची सहनशक्ती यांच्या जोरावर तीन महिन्यांत जोडला. नाटक-सिनेमाला टीकाकार पुष्कळ. प्लास्टिकच्या रणगाड्याला कुणी विचारत नाही. म्हणून हे काम मीच अंगावर घेतलं.

आधी गुण सांगतो. प्रमाण एकास पस्तीस. हे प्रमाण आलं कसं, ती हकिगत मोठी गोड आहे. १९६०च्या दशकाच्या आरंभी जपानमधल्या शिझुओकाच्या तामिया कंपनीनं ‘पँथर’ रणगाड्याचं मोटारीवर चालणारं किट काढलं. पोटात मोटार आणि दोन सेल मावतील एवढा रणगाडा केला आणि मग मोजून पाहिलं, तर तो मूळच्या पस्तिसाव्या हिश्शाचा भरला! पुढे देशोदेशीचे रणगाडे त्याच मापात बेतले गेले. हिटलरचं पोलाद शेवटी दोन सेलांच्या मापात बसलं. नियतीनं विनोद करावा तो असा.

कारागिरीला नावं ठेवायला जागा नाही. खऱ्या टायगरची चाकं एकमेकांत अशी गुंतवलेली, की आतलं एक बदलायचं तर आधी बाहेरची कितीतरी काढावी लागत. आमच्या माळ्यावरची तळातली ट्रंक काढण्यासारखंच. रशियातल्या थंडीत त्या चाकांमधला चिखल गोठून बसे. पुतण्यानं सगळी चाकं ओळीनं बसवली आणि वर ब्रशनं चिखलही लावला. ज्या मुलाच्या बुटांचा चिखल काढण्यात वहिनींचं अर्धं आयुष्य गेलं, तो आता हौसेनं चिखल लावतो!

आता दोष. खऱ्याचं वजन सुमारे ५७ टन. लांबी, रुंदी, उंची तिन्ही पस्तीसनं भागल्या, तर नमुना १३०० ग्रॅमच्या वर भरायला हवा. हा जेमतेम दिवाळी अंकाएवढा. समोरचं १०० मिलिमीटरचं कवच ३ मिलिमीटरच्या आत येतं. ८८ मिलिमीटरची तोफ अडीच मिलिमीटरची होते; तिच्यातून फार तर मोहरी जाईल.

खरा टायगर चालवायला पाच माणसं लागत. आमच्या खोक्यात एकच निघाला, तोही कमरेपर्यंत.

“अरे, याचे पाय कुठायत?” वहिनींनी विचारलं.

“ते आत असतात गं आई. दिसत नाहीत, म्हणून देत नाहीत.”

साऱ्या छंदाचं तत्त्वज्ञान या एका वाक्यात आलं. जे दिसतं ते बोल्टासकट खरं. जे दिसत नाही ते नाहीच. माहितीपत्रकात वेग आहे, वजन आहे, गंज कुठे चढवायचा तेही आहे. तोफेसमोर कोण होतं, एवढंच नाही.

खरा रणगाडा पाहायला आपल्याला फार लांब जायला नको. अहिल्यानगरला, म्हणजे पूर्वीच्या अहमदनगरला, रणगाड्यांचं संग्रहालय आहे. १९६५च्या युद्धात ज्याचं नाव घरोघरी झालं, तो पॅटनही तिथे आहे. त्या लोखंडापाशी उभं राहिलं की माणूस आपोआप हळू बोलतो. टेबलावरच्या रणगाड्यापाशी मात्र आपण पस्तीस पट मोठे होतो आणि युद्ध बोटानं ढकलता येतं असं वाटायला लागतं. माझा आक्षेप तेवढाच. पोलादाला पस्तीसनं भागलं की प्लास्टिक तरी उरतं. भीतीला भागलं तर बाकी काहीच राहत नाही.

तरीही या किटला मी शंभरापैकी सत्तर गुण देतो. तीस कापले, ते न दिलेल्या चार माणसांचे आणि दिलेल्या एकाच्या पायांचे.