प्रयोगपूर्व प्रसिद्धी आणि अपरिचिताची भीती

आपल्या नाट्येतिहासाच्या ग्रंथांत जाहिरातीला जे स्थान मिळते ते पंचांगाचे. प्रयोग कोणत्या तारखेस झाला, कोणत्या नाट्यगृहात झाला, एवढे तिच्याकडून वदवून घेतले की अभ्यासक तिला बाजूस सारतो. जाहिरात म्हणजे अतिशयोक्ती, आणि अतिशयोक्तीत पुरावा कसला, अशी यामागील समजूत असावी. प्रस्तुत लेखकास ही समजूत मान्य नाही. प्रथम प्रयोगापूर्वीची जाहिरात ही त्या कलाकृतीवरील पहिली टीका होय, आणि ती लिहिणाऱ्याच्या मनात प्रेक्षकाविषयी कोणती धास्ती होती हे तीत जितके स्वच्छ उमटते तितके नंतरच्या परीक्षणांत उमटत नाही.

याचे एक ठळक उदाहरण दूरच्या माध्यमातील आहे. अमेरिकेत एनबीसी या दूरचित्रवाणी संस्थेने 'स्टार ट्रेक' ही विज्ञानमालिका ८ सप्टेंबर १९६६ रोजी प्रथम दाखविली. तत्पूर्वी जाहिरातदारांसाठी व संलग्न केंद्रांसाठी तिने एक सचित्र पुस्तिका काढली. मालिकेतील स्पॉक हे पात्र अर्धे परग्रहवासी. त्याचे कान टोकदार आणि भुवया वर चढलेल्या. पुस्तिकेतील छायाचित्रात मात्र चित्रकाराच्या फवाऱ्याने ते कान गोल झाले, भुवयाही माणसासारख्या झाल्या. असा चेहरा सैतानाचा भासेल आणि धर्मभीरू प्रेक्षक बिथरतील, ही विक्रेत्यांची धास्ती. मालिकेचा जनक जीन रॉडनबेरी यानेही १९६४ मध्ये ही कल्पना विकताना 'वॅगन ट्रेन' या लोकप्रिय मालिकेचा दाखला दिला होता. पश्चिमेकडे निघालेल्या गाड्यांचा तांडा तोच, फक्त ताऱ्यांकडे निघालेला! नव्यास जुन्याचा अंगरखा घालावयाचा, हे दोहींतील समान सूत्र. भेद एवढाच की रॉडनबेरीने उपमा दिली, आणि पुस्तिकेने अवयव खोडला.

हाच भेद मनात ठेवून सांगलीकडे पाहावे. १८४२ च्या सुमारास कर्नाटकातील भागवत मंडळी सांगलीस आली. त्यांचे खेळ पाहून संस्थानाधिपती चिंतामणराव पटवर्धन यांनी विष्णुदास भावे यांस तशाच पण सुधारलेल्या तऱ्हेचे खेळ मराठीत रचावयास सांगितले, आणि १८४३ मध्ये 'सीतास्वयंवर' झाले. या पहिल्या प्रयोगास प्रसिद्धी लागली नाही. धन्याची आज्ञा हीच घोषणा, आणि प्रेक्षक तर धन्याचेच. १८५१ मध्ये चिंतामणराव निवर्तले, राजाश्रय आटला, आणि मंडळीस गावोगाव फिरणे प्राप्त झाले. मराठी नाटकाच्या जाहिरातीचा जन्म शोधावयाचा तर तो या आश्रयभंगात शोधावा लागतो. एका आश्रयदात्याच्या जागी शेकडो अनोळखी आश्रयदाते मिळवावयाचे, तर त्यांस आपण कोण हे आधी सांगणे आलेच.

१८५३ मध्ये मंडळी मुंबईस गेली. ग्रँट रोडच्या नाट्यगृहातील प्रयोगांसाठी इंग्रजी वृत्तपत्रात जाहिरात आली तेव्हा सांगलीकरांची ही मंडळी 'हिंदू ड्रॅमॅटिक कोअर' झाली. आपले खेळ प्राचीन हिंदू नाट्यपरंपरेतले आहेत आणि त्यांत अनीतिकारक असे काही नाही, या दोन गोष्टींवर जाहिरातीचा भर होता. या दोन विधानांचे वजन कशात आहे? भाव्यांच्या खेळाचा साचा संस्कृत नाटकाहून कितीतरी निराळा. सूत्रधाराने पदे म्हणावयाची, विदूषकाने मध्ये बोलावयाचे, मोरावर बसून सरस्वतीने यावयाचे, आणि मग आरोळ्या ठोकीत राक्षस शिरावयाचे. पुढे सुशिक्षितांनी या नाटकांस 'अललडुर्र' नाटके म्हणून हिणविले ते या आरोळ्यांवरूनच. म्हणजे कर्नाटकातील रात्रीच्या खेळांशी असलेले रक्ताचे नाते झाकून कालिदासाशी नसलेले नाते पुढे करण्यात आले. यास लबाडी म्हणणे सोपे आहे. मला ते अन्यायाचे वाटते. संस्कृत नाटकांविषयी युरोपीय पंडितांनी उत्पन्न केलेला आदर आणि तमाशाविषयीची नव्या मुंबईकराची नाके मुरडण्याची सवय, यांच्या मधल्या चिंचोळ्या वाटेने या मंडळीस तिकीट घेणाऱ्या प्रेक्षकापर्यंत पोचावयाचे होते. तरीही या जाहिरातीची जात रॉडनबेरीच्या उपमेची नव्हे, पुस्तिकेतील गोल कानांची आहे, हे नमूद केले पाहिजे.

उपमेची जात पाहावयाची तर साताऱ्याकडे वळावे लागते. 'केरळ कोकिळ' या मासिकाचे संपादक कृष्णाजी नारायण आठल्ये हे कऱ्हाडजवळील टेंभूचे. १८८६ मध्ये दूर कोचीनहून सुरू झालेल्या त्यांच्या मासिकात १९०० पासून ज्यूल व्हर्नची चंद्रप्रवासाची कादंबरी मराठीत क्रमशः येऊ लागली. मूळ नावात पृथ्वी आणि चंद्र हे दोन गोल आहेत, म्हणजे भूगोल-खगोलाचे अंतर आहे. मराठी नाव झाले 'चंद्रलोकची सफर'. 'लोक' म्हटले की वाचकास पितृलोक, इंद्रलोक आठवणार. पुण्यक्षय झाला की जेथून परतावयाचे ते ठिकाण. पहिले प्रकरण वाचण्यापूर्वीच वाचकाने ओळखीचा उंबरा ओलांडलेला असतो. आत मात्र त्यास तोफ भेटते, दारूचा हिशेब भेटतो, वेगाची गणिते भेटतात. नावाने दिलेली अपेक्षा मजकूर मोडतो, आणि त्या मोडण्यातच विज्ञानकथेची खरी चव आहे. येथे काहीच खोडलेले नाही. परक्या वस्तूस परकी राहू देऊन तिच्यापर्यंत जाण्यास घरची पायरी बांधली आहे. अर्थात आठल्यांचा वाचक अनेक वर्षे मासिक घेणारा होता. त्यास एका संध्याकाळपुरते पकडावयाचे नव्हते. वर्गणीदाराशी संपादकास जे धैर्य परवडते ते तिकिटाच्या खिडकीवर परवडत नाही.

एनबीसीचे पुढे काय झाले ते प्रसिद्धच आहे. पहिल्या रात्रीसाठी तिने जो भाग निवडला त्यात मीठ शोषणारा राक्षस होता. विज्ञानमालिका म्हटली की राक्षस हवाच, हा हिशेब. प्रेक्षकांनी मात्र राक्षसाहून स्पॉकलाच उचलून धरले. लेनर्ड निमॉय या नटाकडे पत्रांचा ओघ सुरू झाला आणि ज्या कानांवर फवारा मारला होता त्यांचीच मागणी संस्था करू लागली. मालिका १९६९ मध्ये ७९ भागांनंतर बंद पडली, पण ती पुस्तिका आज पाहिली जाते ती केवळ त्या खोडलेल्या कानांसाठी. मूळ चित्रीकरण उपलब्ध असल्यामुळे काय झाकले गेले हे तेथे कोणासही ताडून पाहता येते.

सांगलीच्या बाबतीत ती सोय नाही. भाव्यांचा 'नाट्यकवितासंग्रह' १८८५ मध्ये प्रसिद्ध झाला, पण त्यात आहेत ती सूत्रधाराची पदे. गद्य भाषणे नटांनी आयत्या वेळी करावयाची असत, ती छापली जाण्याचा प्रश्नच नव्हता. तेव्हा ग्रँट रोडवरील त्या रात्रींची आपल्या हाती उरलेली साधने मुख्यतः दोन, पदे आणि जाहिराती, आणि दोन्ही सभ्य पक्षाची. ज्या आरोळीने प्रेक्षागृह दणाणले असेल ती दोहींतही नाही. ती सापडते केवळ तिची टवाळी करणाऱ्यांच्या त्या एका शब्दात.