खोक्यावरचा आकडा आणि पाटीवरचा आकडा

जुने फोटो वापरणाऱ्या संशोधन-प्रस्तावांत एक वाक्य हमखास सापडतं: "सर्व निगेटिव्ह ६४०० डीपीआयवर स्कॅन केल्या जातील." वाक्य भारदस्त आहे, त्यामुळे गाईडही सहसा काही विचारत नाहीत. पण त्यातून वाचणाऱ्याला काहीच कळत नाही, उलट खोटा भरवसा मिळतो. हे मी दुसऱ्यांना नावं ठेवायला म्हणत नाहीये. माझ्या प्रस्तावातही असंच वाक्य होतं, आकडा फक्त वेगळा. त्यापायी एका प्रकरणाचा अर्धा भाग पुन्हा लिहावा लागला.

झालं असं. माझा विषय १९७२-७३च्या दुष्काळातली सरकारी कामं. तालुक्याच्या गावातल्या एका फोटोग्राफरच्या घरी त्या काळातले ३५ मिमी कृष्णधवल निगेटिव्हचे सुमारे ४० रोल मिळाले. एका फ्रेममध्ये खडी फोडणाऱ्या बायका आहेत आणि मागे कामाची पाटी, खडूने लिहिलेली. विभागातल्या फ्लॅटबेड स्कॅनरवर सगळ्यात मोठ्या आकड्याला स्कॅन केलं, झूम केलं आणि वाचलं: मार्च १९७२. पाकिटावरही '७२ दुष्काळ' असंच होतं. म्हणजे १९७२चा पावसाळा कोरडा जाण्याआधीच या गावात काम सुरू झालं होतं, असा मुद्दा मी त्या पाटीवर उभा केला.

पुढच्या खेपेला त्या फोटोग्राफरच्या मुलाने तीच निगेटिव्ह काचेच्या दिव्यावर ठेवली, वडिलांचं १० पटीचं भिंग लावलं आणि म्हणाला, "ताई, हे दोन नाही, तीन आहे." मी पाहिलं. तीनच होतं.

आकडा नक्की काय सांगतो?

खोक्यावरचा डीपीआय म्हणजे स्कॅनर एका इंचात किती ठिकाणी प्रकाश मोजतो तो आकडा. खरं तर याला पीपीआय म्हणायला हवं, पण बाजारात डीपीआयच रूढ आहे. स्कॅनरची लेन्स किती बारीक तपशील सेन्सरपर्यंत पोचवते, फिल्म नेमकी फोकसमध्ये आहे का, हे त्या आकड्यात येत नाही. लेन्सने रेघ पसरवूनच पाठवली असेल तर ती पसरट रेघ आपण जास्त ठिकाणी मोजतो, एवढंच. रेघ बारीक होत नाही, फाईल मात्र जाड होते.

प्रत्यक्ष क्षमता मोजायला यूएसएएफ १९५१ नावाची चाचणी-पट्टी वापरतात. तिच्यावर क्रमाने बारीक होत जाणाऱ्या रेषांचे गट असतात. स्कॅनमध्ये शेवटचा कोणता गट सुटा दिसतो, त्यावरून खरं रिझोल्यूशन काढता येतं. अशा स्वतंत्र चाचण्यांत दिसणारं चित्र ढोबळमानाने असं आहे. एप्सन व्ही६०० या फ्लॅटबेडचा दावा ६४००चा, मिळतात दीड हजाराच्या आसपास. त्याचा महागडा भाऊ व्ही८५० याचाही दावा ६४००चा, मिळतात साधारण २३००. प्लसटेक ऑप्टिकफिल्म ८२००आय हा फक्त ३५ मिमीचा फिल्म स्कॅनर ७२०० म्हणतो आणि सव्वातीन हजाराच्या घरात देतो. निकॉनचे जुने कूलस्कॅन ४००० म्हणायचे आणि जवळपास तेवढे द्यायचे. चौघांत सर्वात लहान आकडा ज्याच्या खोक्यावर, तोच सर्वात बारीक पाहणारा! पण कूलस्कॅनचं उत्पादन कधीच थांबलंय. आज घ्यायचं तर सेकंडहँड, आणि बिघडलं तर सुटे भाग शोधत फिरायचं.

मेगापिक्सेलच्या भाषेत फरक आणखी स्पष्ट होतो. ३५ मिमीची फ्रेम २४ × ३६ मिमी असते. ६४००वर तिची फाईल सुमारे ५५ मेगापिक्सेलची होते. दीड हजारावर खरा तपशील फक्त ३ मेगापिक्सेलचा. उरलेले पिक्सेल निव्वळ भरताड, आणि त्याचं भाडं हार्डडिस्क भरते. ४० रोल म्हणजे १४४० फ्रेम. १६ बिट ग्रेस्केल टिफमध्ये ६४००ला सुमारे १६० जीबी लागतात, ४०००ला साधारण ६२.

माझी चूक गणितातच दिसते

आता पाटीकडे या. ५० मिमी लेन्सने १५ मीटरवरून फोटो काढला, तर फिल्मवर प्रतिमा ३०० पट लहान पडते. पाटीवरचं ३ सेंटिमीटरचं अक्षर फिल्मवर ०.१ मिमी उंच. खऱ्या दीड हजार पीपीआयला त्या अक्षराच्या वाट्याला ६ पिक्सेल येतात, ४०००ला जवळपास १६. देवनागरी २ आणि ३ यांच्यात फरक काय, तर मधली एक खाच. ती ६ पिक्सेलांत बसत नाही. तिथे नुसता वळणदार डाग दिसतो, आणि पाकिटावर ७२ लिहिलेलं असलं की डोळा त्या डागाचा २ करून टाकतो.

मला सर्वात जास्त खटकली ती ही गोष्ट. पाटी 'अवाच्य' वाटली असती तर मी निदान तसं लिहिलं असतं. अपुरा स्कॅन नेहमी कोरा दिसत नाही, पुष्कळदा तो आपल्या अपेक्षेला होकार देतो. आणि पद्धतीच्या प्रकरणात मोठा आकडा लिहिलेला असल्यामुळे मला शंकाही आली नाही.

मग फ्लॅटबेड टाकाऊ का?

अजिबात नाही. स्टुडिओ-पोर्ट्रेटच्या जुन्या निगेटिव्ह अनेकदा १२० फिल्मवर असतात. ६×६ची फ्रेम सुमारे ५६ मिमी रुंद असते, त्यामुळे व्ही८५०चे खरे २३०० पीपीआयही तिच्यातून २५ मेगापिक्सेल काढतात. कागदी प्रिंट, अल्बम, काचेच्या निगेटिव्ह यांनाही फ्लॅटबेडच सोयीचा. तुम्हाला फक्त कोणत्या रोलमध्ये काय आहे याची यादी हवी असेल, तर ३५ मिमीलासुद्धा तो चालतो. मात्र फिल्म होल्डरमध्ये ताठ बसलीय का आणि काचेपासून योग्य उंचीवर आहे का, हे पाहा. व्ही८५०च्या होल्डरची उंची बदलता येते, ती बदलून दोन-तीन स्कॅन करून बघायला हवेत.

दुसरी एक गोष्ट जाहिरातीत ठळक असते: इन्फ्रारेडने धूळ आणि ओरखडे काढणं. रंगीत निगेटिव्हला ही सोय वरदान आहे, कारण रंगद्रव्यातून इन्फ्रारेड आरपार जातो आणि धुळीवर अडतो. पारंपरिक कृष्णधवल फिल्ममध्ये प्रतिमाच चांदीच्या कणांची. चांदी इन्फ्रारेड अडवते, मग यंत्र प्रतिमेलाच धूळ समजतं. म्हणजे माझ्यासारखा संग्रह असेल तर या सोयीसाठी जादा पैसे देऊ नका. ब्लोअर आणि मऊ ब्रश घ्या.

तिसरा मार्ग कॅमेऱ्याचा. २४ मेगापिक्सेलचा फुल-फ्रेम कॅमेरा आणि १:१ मॅक्रो लेन्स असेल, तर ६००० पिक्सेल ३६ मिमीवर पसरतात, म्हणजे सुमारे ४२०० पीपीआय. लेन्स चांगली असेल तर त्यातला बराच भाग खरा असतो. पण इथे शिस्त तुमची. कॅमेरा आणि फिल्म समांतर हवेत. फिल्मच्या जागी आरसा ठेवून लेन्सचं प्रतिबिंब बरोबर मध्यावर आणलं की ते साधतं. आजूबाजूचा उजेड बंद, स्टँड पक्का, फिल्म सपाट. यातलं एक चुकलं तर हाही आकडा खोक्यावरच्यासारखाच पोकळ. माझी पाटी शेवटी याच पद्धतीने टिपली.

निवडायचं कसं, लिहायचं काय

माझी सूचना अशी की स्कॅनरपासून सुरुवात करू नका. आधी तुमच्या प्रश्नाला लागणारी सर्वात बारीक खूण ठरवा: पाटीवरचं अक्षर, साडीचा काठ, की फक्त माणसांची संख्या? वरचं गणित करून ती खूण फिल्मवर केवढी पडते ते काढा. अक्षराला मी निदान १५ पिक्सेल धरते. मग एकच निगेटिव्ह घेऊन ज्या यंत्रावर काम करणार तिथे जा, स्कॅन करा आणि भिंगातून मूळ निगेटिव्ह पाहा. भिंगात दिसतं आणि स्कॅनमध्ये दिसत नाही, तर यंत्र तुमच्या कामाचं नाही. अमेरिकेतल्या सरकारी संस्थांची फॅडजी मार्गदर्शक तत्त्वंसुद्धा नुसता नमुनादर पाहून थांबत नाहीत, त्यातला किती तपशील प्रत्यक्ष हाती येतो तेही मोजायला सांगतात.

आणि प्रस्तावातलं ते वाक्य बदला. माझं आता असं आहे: "३५ मिमी निगेटिव्ह २४ मेगापिक्सेल कॅमेरा आणि १:१ मॅक्रो लेन्सने टिपल्या. नमुनादर सुमारे ४२०० पीपीआय. प्रत्यक्ष रिझोल्यूशन चाचणी-पट्टीवर मोजून परिशिष्टात दिलं आहे. युक्तिवादासाठी वापरलेला प्रत्येक मजकूर मूळ निगेटिव्हशी भिंगातून ताडून पाहिला." चार वाक्यं झाली, पण परीक्षकाला ती तपासता येतात.

माझ्या प्रबंधात ती पाटी आता मार्च १९७३ची आहे. काम पावसाळ्याआधी सुरू झाल्याचा मुद्दा गेला. तसं काही झालं असेलही, पण त्याचा पुरावा या निगेटिव्हमध्ये नाही. उरलेल्या ३९ रोलांतल्या पाट्या मी पुन्हा पहिल्यापासून वाचतेय.